क्लॅपच्या आधी

मोठीआईने त्या फिरत्या खुर्चीत बसायला साफ नकार दिला.

"ही बसायची खुर्ची आहे की जातं? मला आपली चार पायांची द्या, जिथे ठेवाल तिथे राहील अशी."

तिच्या मुलाने कोपऱ्यातलं लाकडी स्टूल ओढलं, हाताने हलवून बघितलं, एका पायाखाली कागदाची घडी सारली आणि मगच आईला त्यावर बसवलं. त्याला सगळे सुतारच म्हणत, घरातलेसुद्धा. तीस वर्षं सिनेमाच्या स्टुडिओत खोटी घरं उभी करून त्याचा खऱ्या लाकडावरचाही विश्वास उडाला होता.

"आता हललास तर बघ, ऐकलंस?" मोठीआई म्हणाली. स्टुलाला की लेकाला, ते कळलं नाही.

सुताराच्या लेकीची, चिंगीची, ही रेकॉर्डिंगची खोली. भिंतींना काळा स्पंज, खाली पाय रुतेल असा गालिचा, समोर बटणांचं लांबलचक टेबल. टेबलापलीकडे भिंतभर काच, आणि काचेपलीकडे गाण्याची चिमुकली खोली. तिच्यात एक माइक आणि एक उंच स्टँड, बाकी काही नाही. दार लोटलं की बाहेरचं जग मिटायचं. इथे स्वतःची पावलंसुद्धा ऐकू यायची नाहीत. मोठीआईला ते मुळीच आवडलं नव्हतं. आयुष्यभर तिने घरात कोण कुठे आहे ते पावलांवरून ओळखलं होतं.

नवा अल्बम बाहेर जाण्याआधी घरच्यांनी ऐकायचा, आणि मोठीआईने 'जाऊ दे' म्हटल्याशिवाय तो हलवायचा नाही, हा नियम पहिल्या गाण्यापासूनचा. नियम केला कुणी? मोठीआईनेच. घरात दुसरं कोण करणार? इयत्ता तिसरीत शाळा सुटली होती तिची, पण भल्याभल्या संगीतकारांना तिने 'तुमच्या त्या मधल्या गोंगाटाचं काय ते बघा' म्हणून परत पाठवलं होतं, आणि त्यांनी बघितलंही होतं.

जेवणं उरकून दुपारी सगळे जमले होते. सुतार, त्याची बायको, मोठीआईची लेक, जिला चिंगीमुळे सगळं शहर आत्या म्हणायचं, आणि बटणांपाशी चिंगी स्वतः. आठ गाणी ऐकून झाली.

"तिसऱ्यात फार दणदण आहे," मोठीआई म्हणाली. "गाणं आहे की शेजारच्यांचं पाडकाम? पाचवं चांगलंय. शब्द कळतात. सातव्यात तो श्वास घेतेस ना मोठ्याने, तो कशाला? दमलीस तर बस खाली."

"ती फॅशन आहे आई," आत्या म्हणाली. चिंगीचे कार्यक्रम, मुलाखती, कपडे, करार, सगळं तीच बघायची. तिचा एक डोळा माणसावर आणि एक फोनवर असे. आताही फोन चहाच्या कपाला टेकून उभा होता.

"दम लागणं ही फॅशन असेल तर मी दहा वर्षं फॅशनमध्येच आहे. बरं, नववं लाव."

चिंगी हलली नाही. सत्तावीस वर्षांची पोर, मैदानं भरवून टाकणारी. पण मोठीआईपुढे बसली की अजून अंगठ्याचं नख कुरतडायची.

"नववं झालं नाही," ती म्हणाली.

"झालं नाही म्हणजे?" आत्याचे दोन्ही डोळे तिच्याकडे वळले. "शुक्रवारी अल्बम बाहेर जायचाय. पोस्टरं लागलीत."

"एका ओळीला आवाज बसतो. तेवढ्याच. पुढचं-मागचं सगळं येतं."

"घशाचा डॉक्टर काय म्हणाला?"

"घसा ठणठणीत आहे म्हणाला."

"कसली ओळ आहे?" सुताराने विचारलं.

"आईला हाक मारायची," चिंगी म्हणाली.

दाराजवळ बसलेल्या सुनेने मान वर केली आणि परत खाली घातली. ती नेहमी दाराजवळच बसायची. घरात सगळ्यांत आधी उठायचं आणि सगळ्यांत शेवटी बसायचं, तेही उठायला सोपं पडेल अशा जागी, ही तिची रीत. लेक एवढी नावारूपाला आली तरी ही तिच्या कार्यक्रमाला मागच्या रांगेतच.

"मला वाटलं, सहा वर्षांची असताना हीच हाक मी मारली होती आणि सगळ्यांना रडवलं होतं," चिंगी म्हणाली. "तेव्हा कशी मारली, ते ऐकावं. म्हणून मी सेटवर आवाज टेप करणाऱ्या त्या मशीनवाल्या काकांकडे गेले."

मोठीआईचा चेहरा उजळला. ते दिवस तिचे होते. सुतार तेव्हा एका सिनेमासाठी बंद दाराचं घर उभं करत होता. डबा द्यायला म्हणून मोठीआई नातीला घेऊन गेली, आणि दिग्दर्शकाने सेटवर खिळे वेचणारी ती पोर बघितली. सिनेमातल्या मुलीचं नाव चिंगी. सिनेमा असा चालला की घरातलेही तिला चिंगीच म्हणायला लागले. खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं उरलं. पुढे सात-आठ वर्षं तिच्या रडण्यावर सिनेमे निघाले. मग चौदाव्या वर्षी ती ताडमाड वाढली, आणि निर्माते म्हणायला लागले, पोरगी गोड होती हो, आता नुसती उंच आहे. घरात बसली. मग साबणाच्या एका जाहिरातीत चार ओळी गायली, त्या चार ओळी लोकांच्या तोंडात बसल्या, आणि बाकी सगळ्यांना माहीतच आहे.

"मशीनवाले अजून आहेत?" मोठीआई म्हणाली. "भला माणूस. सेटवर कधी आवाज चढवला नाही. नुसते ऐकायचे."

"आहेत. त्यांनी सगळ्या टेपा बिस्किटांच्या डब्यांत जपून ठेवल्यात. दाराच्या सीनची टेपही होती."

"मग ऐकव की! अगं, त्या सीनला ग्लिसरीन आणून ठेवलं होतं. मी म्हटलं, माझ्या नातीच्या डोळ्यांत ते जळजळतं पाणी घालाल तर याद राखा. मी रडवते. गेले, तिच्या कानात गोष्ट सांगितली, आणि पोर अशी रडली, अशी रडली, की दिवे धरणाऱ्यांनी डोळे पुसले. तेव्हापासून प्रत्येक सिनेमात मोठीआईची कानगोष्ट झाल्याशिवाय रडायचा सीन सुरू व्हायचा नाही."

"चिमणीची गोष्ट," आत्याने ठरलेला पुढचा शब्द टाकला. ही हकिगत शंभर मुलाखतींत येऊन गेली होती.

"चिमणीचीच. घरटं पडतं, पिल्लू एकटं राहतं. एवढीच. पण सांगायची हातोटी लागते."

चिंगीने तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, आणि मोठीआईला पहिल्यांदा कसंसंच झालं ते त्यामुळेच.

"मोठीआई, काकांनी माझ्या फ्रॉकच्या गळ्यात माइक लपवला होता. आणि ते मशीन क्लॅपच्या आधीच चालू करून ठेवायचे. टेप वाया जाते म्हणून सगळे त्यांना ओरडायचे, तरीही."

"असेल. मग?"

तिला खरंच कळलं नाही. तिच्या लेखी ती काळी-पांढरी फळी वाजली की यंत्राला कान फुटायचे. त्याच्या आधीचं बोलणं म्हणजे घरातलं बोलणं.

चिंगीने बटण दाबलं.

आधी नुसती खरखर. दूर कुठेतरी हातोडा. "अहो सुतार, थांबा जरा!" असं कुणीतरी ओरडलं आणि हातोडा थांबला, सुतार स्वतःचं नाव ऐकून कसनुसं हसला. मग अगदी जवळून, जणू याच खोलीत कुणी वाकून बोलतंय असा, एका बाईचा दबका आवाज आला.

"पोरी, इकडे बघ. तुझी आई आता येणार नाही. तिला तू नकोशी झालीस. फार हट्ट करतेस ना, म्हणून ती दुसरं बाळ आणायला गेली. तू कितीही दार वाजव, ती उघडायची नाही. ऐकलंस?"

पावलं. झपाझप लांब जाणारी.

मग एका लहान मुलीचा आवाज. रडका नाही. हळू, नीट, पाठ म्हणून दाखवावं तसा.

"मी हट्ट नाही करणार. आईला सांगशील?"

कुणीच उत्तर दिलं नाही. मग कुणीतरी "कॅमेरा" म्हणालं, फळी वाजली, आणि ती हाक आली. सगळ्यांनी हजार वेळा ऐकलेली. आई, दार उघड.

चिंगीने टेप थांबवली.



"हा माझा आवाज नाही," मोठीआई म्हणाली.

"आई..." आत्या म्हणाली.

"सांगितलं ना, नाही. मी चिमणीची गोष्ट सांगितली होती. मला आठवतंय."

आणि तिला खरंच आठवत होतं. पडलेलं घरटं, पिल्लू, सगळं लख्ख. इतकं लख्ख की आता, या स्टुलावर बसल्याबसल्या, तिलाच त्याचा संशय यायला लागला. खऱ्या गोष्टी इतक्या धुतल्यासारख्या आठवत नाहीत. त्या दिवशी तिने कोणत्या चपला घातल्या होत्या, ते आठवत नव्हतं. चिंगीच्या कानाशी वाकल्यावर कसला वास आला, ते आठवत नव्हतं. फक्त गोष्ट आठवत होती, मुलाखतीत सांगायची तशी, जिथे थांबायचं तिथे थांबून.

"शेवटचं 'ऐकलंस' ऐक ना," आत्या हळूच म्हणाली. "मघाशी स्टुलावर बसताना तसंच म्हणालीस."

मोठीआईचा आवाज चढला.

"बरं, म्हटलं असेन! मग? डोळ्यांत औषध ओतून पोरीचे डोळे जाळायला हवे होते? एक शब्द बोलले, काम झालं, घरी जाऊन विसरली ती. पोरंच ती. संध्याकाळी पोटभर जेवली."

"मी विसरले होते," चिंगी म्हणाली. "शब्द विसरले होते, मोठीआई. ही टेप मी भांडायला नाही आणली. मी चार दिवस एकटीच ऐकत होते. मला वाटलं, आपल्या घरात अजून एका माणसाला हे कळायला हवं."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या.

सून उठून उभी होती. कधी उठली कुणाला कळलं नाही. त्या गालिच्यावर कळणारही नव्हतं. "परत लावतेस?" ती म्हणाली.

"अगं, कशाला आता..." सुतार म्हणाला.

"परत लाव."

टेप परत वाजली. या वेळी मोठीआईने आपला आवाज ऐकला नाही. ती सुनेकडे बघत होती. 'आईला सांगशील' आलं तेव्हा सुनेचे ओठ हलले. उत्तर द्यायला हलावेत तसे.

"मी इस्पितळातून आले ना," सून कुणाकडेच न बघता म्हणाली, "तेव्हा ही तुमच्या मागे लपली होती. म्हटलं, अडीच महिन्यांनी बघतेय, बुजली असेल. पोटातलं गेलं, वर ताप उतरेना, माझी रयाच गेली होती. मग वेणी घालायला बसले की ही डोकं बाजूला घ्यायची. मला वाटायचं माझ्या हातांना औषधांचा वास येतो. मी साबण लावून लावून हात सोलून घेतले." तिने श्वास घेतला. "ही मला हाक मारत नाही. तुमच्या कधी लक्षात आलंय? एकवीस वर्षं. समोर येऊन उभी राहते आणि बोलायला लागते."

चिंगीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सुतार आपल्या तळव्यांकडे बघत बसला. रोज त्याच घरात जेवणारा माणूस, आणि त्याच्याही लक्षात आलं नव्हतं.

आणि मोठीआईला कपाला टेकलेला फोन दिसला. त्यावरचा लाल ठिपका दिसला. फोनचं तोंड दाराकडे होतं.

"ते काय चाललंय?"

"काही नाही," आत्या म्हणाली. "गाणी ऐकताना घरच्यांचे चेहरे, असं काहीतरी घेत होते लोकांना दाखवायला. मला काय माहीत हे असं..." ती थांबली. मग तिचा आवाज बदलला, कामाचा झाला. "पण आई, विचार कर. नवव्या गाण्याच्या सुरुवातीला ही टेप. आणि वहिनीचा हा चेहरा. लोक वेडे होतील गं. असं रडणं मागून मिळत नाही."

मोठीआईने ते वाक्य ओळखलं.

हे शब्द लेकीचे नव्हते. दाराच्या सीननंतर दिग्दर्शक म्हणाला होता ते, मोठीआईच्या खांद्यावर हात ठेवून. आजी, असं रडणं मागून मिळत नाही. तेव्हा ती केवढी फुगली होती! घरी येऊन हे वाक्य तिने लेकीला दहादा सांगितलं होतं. लेकीने ते चांगलं पाठ केलं होतं.

"पूस ते," ती म्हणाली.

"अगं, नुसतं ठेवते, मग ठरवू."

"पूस म्हणते ना! माझ्या देखत पूस. त्या बाईचा चेहरा काय विकायला ठेवलाय?"

"वा!" आत्या उसळली. "आणि चिंगीचा ठेवला होता तो? शिकले कुणाकडून मी? तुझीच लेक आहे ना?"

आत्याला बोलल्यावर कळलं की आपण काय बोललो. तिने फोन उचलला, अंगठा फिरवला, आणि पुसलेला पडदा आईपुढे धरला.

"जाऊ दे, मोठीआई," सून म्हणाली. तिने डोळे पुसले होते. "झालं ते झालं. मी खाटेला खिळले होते तेव्हा पोरीला तुम्हीच सांभाळलंत. एका वेळेला तोंडातून गेलं. आता मला कारण तरी कळलं. तेवढं पुरे."

इथे ते मिटलं असतं. मोठीआईला ते दिसत होतं. सुनेने जणू दार उघडून धरलं होतं. नुसतं मान खाली घालून बाहेर पडायचं. एक चूक, एका दिवसाची, टेपवर सापडली, सुनेने पदरात घातली. घरात तिची जागा होती तिथेच राहिली असती. उरलेलं कुठल्याच टेपवर नव्हतं. ते फक्त तिला माहीत होतं.

"एका वेळेला नाही," मोठीआई म्हणाली.

"काय?"

"त्या सिनेमात रडायचे अकरा सीन होते. प्रत्येक वेळेला तेच सांगितलं. दुसरं काही चालेना." तिने जीभ ओठांवरून फिरवली. "आणि तुला... तू इस्पितळातून रोज निरोप पाठवायचीस. पोरीला एकदा आणा, खिडकीखाली उभी करा, लांबून बघते. आठवतं?"

सुनेने मान डोलावली.

"डॉक्टरने नको म्हटलंय, असं मी कळवलं. डॉक्टर तसं काही म्हणाला नव्हता. तो म्हणाला होता, आणा, बाईला बरं वाटेल. पण ती तुला भेटली असती तर मग रडली नसती. सिनेमा अर्धा व्हायचा होता. सगळे माझी वाट बघायचे सेटवर. गाडी यायची न्यायला. मला, या अडाणी बाईला, खुर्ची द्यायचे बसायला." तिला थांबायचं होतं, थांबता येईना. "आणि सुताराला मी सांगायची, तिला सांग, पोर मजेत आहे, आईची आठवणही काढत नाही."

सुतार उठला. स्टुलाखालची घडी त्याच्या पायाने सरकली आणि मोठीआई एका बाजूला कलली, तरी त्याने सावरलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

"मी रोज जाऊन तेच सांगायचो," तो म्हणाला. "रोज, आई. मला वाटलं, आजारी बाईच्या जिवाला घोर नको म्हणून तू सांगतेस. ही ऐकायची आणि भिंतीकडे तोंड करायची. मी समजायचो, झोप आली."

"मला वाटलं, बरंच झालं," सून म्हणाली. आवाज अगदी सपाट होता. "म्हटलं, आपण मेलो तरी पोरीचं काही अडणार नाही. दोनदा तर औषध उशीखाली ठेवलं, घेतलंच नाही."

जिच्या जिभेला गल्लीत कुणी टक्कर देत नसे, त्या मोठीआईच्या तोंडात लाकूड झालं. माफी मागतात म्हणे अशा वेळी. तिने कधी मागितली नव्हती, मागायची कशी तेही ठाऊक नव्हतं. तिने हात जोडायला उचलले आणि अर्ध्यावरच ते तिच्या मांडीवर पडले.

सून वळली आणि दार उघडून बाहेर गेली. सगळ्यांना वाटलं, घरी निघाली. पण क्षणभराने ती काचेपलीकडे दिसली. घाईत चुकीच्या दाराने गाण्याच्या त्या चिमुकल्या खोलीत शिरली होती. तिथून पुढे वाट नव्हती. ती माइकपाशी उभी राहिली, पाठ इकडे करून, आणि तिचे खांदे गदगदा हलायला लागले. आवाज काहीच नाही.

चिंगी धावली. ती आत शिरली आणि तिच्यामागे ते जाड दार आपोआप लोटलं गेलं.

आता काचेत दोघी दिसत होत्या. चिंगी दोन हातांवर थांबली होती. पुढे कसं जायचं, ते तिला कुणी शिकवलं नव्हतं. सून वळली. काहीतरी बोलली. चिंगीने मान हलवली. सून परत बोलली, या वेळी बराच वेळ, हातवारे करून. मोठीआईने त्या बाईला एवढं बोलताना कधी पाहिलं नव्हतं.

"आतला माइक चालूच आहे," आत्या कुजबुजली. टेबलावरच्या एका सरकत्या बटणाकडे तिचा हात गेला. "हे वर केलं की इकडे ऐकू येतं. काय म्हणतेय ती तुझ्याबद्दल, ऐकू या तरी..."

मोठीआईने बटणावर पंजा ठेवला. सगळा, जाडजूड, गाठी आलेला.

"हात लावशील तर बघ."

"अगं, पण आई..."

"त्यांचं त्यांना बोलू दे."

आत्या मागे झाली. सुतार काचेला कपाळ लावून उभा राहिला. मोठीआई कलत्या स्टुलावर तोल सावरत बसली, बटणावरचा हात न उचलता, आणि जन्मात पहिल्यांदा तिच्या घरात असं काही बोललं जात होतं जे तिला कधीच कळणार नव्हतं.

आत सुनेने दोन्ही हात पुढे केले. चिंगीचं तोंड उघडलं. मोठं, पुरतं उघडलं, मानेच्या शिरा ताणल्या. ती हाक होती, का ओरडणं, का नुसतं रडणं, ते काचेतून कळायला मार्ग नव्हता.